अंगणवाडीचा पैसा : कुठून निघतो आणि कुठे अडतो



या अंकात खोडव्यातील पाचट कुजविण्याबद्दल लिहावयाचे ठरले होते. तो लेख तयार आहे, पुढच्या अंकात येईल. परंतु गेल्या हंगामात आमच्या गटात एक प्रकार घडला आणि त्यावरून सभासदांनी इतके उलटसुलट प्रश्न विचारले, की आधी हा हिशेब मांडलेला बरा असे वाटले. हिशेब उसाचा नाही, अंगणवाडीचा आहे. शेतकी खात्याच्या माणसाला अंगणवाडीचे काय पडले आहे, असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. फक्त पुरते वाचून मग म्हणावे, एवढी विनंती.

प्रकार असा. डिसेंबरातली गोष्ट. नदीकाठच्या एका आडसाली प्लॉटमध्ये तोड चालू होती. टोळी पहाटे पाचलाच फडात उतरली होती. एका कोयत्याचे दोन वर्षांचे पोर बांधालगत पाचटावर गोधडीत निजवले होते आणि राखायला त्याची आठ वर्षांची बहीण. साडेसातच्या सुमारास ट्रॅक्टरवाल्याने ट्रॉली भरणीसाठी मागे घेतली. बहीण किंचाळली म्हणून ब्रेक लागला. चाक गोधडीपासून चार हातांवर थांबले. पोर जागेसुद्धा झाले नव्हते. आम्ही नऊ वाजता फडावर पोचलो तेव्हा तोड बंद होती, आणि त्या पोराची आई उसाच्या मोळीवर नुसती बसून होती. ट्रॅक्टरवाला पंचविशीचा गडी, तोही थरथरत होता.

प्लॉटचे मालक आपले जुने सभासद. ते म्हणाले, "साहेब, गावात अंगणवाडी हाय की. ही पोरं तिथं का बसवत न्हाईत?" प्रश्न रास्त होता. आम्ही तिथूनच त्यांना मोटारसायकलवर घेऊन अंगणवाडीत गेलो. सेविकाबाई खिचडी वाढत होत्या. आमचे बोलणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "लेकरं आणा साहेब, मी नको म्हणायची न्हाई. पर माझ्या रजिस्टरला तेवीस नावं हायती. तेविसांचं येतंय. तळावरची अकरा आणली तर चौतीस ताटं व्हत्यात. वरच्या अकरांचं कुणाच्या खात्यातनं घालू?"

बाई भांडत नव्हत्या, साधे विचारत होत्या. आमच्याजवळ उत्तर नव्हते. मग घरी येऊन वहिनींना विचारले. आमच्या थोरल्या वहिनी गेली चोवीस वर्षे अंगणवाडी सेविका आहेत. चोवीस वर्षे एका घरात राहूनही त्यांचे काम कसे चालते हे आम्ही कधी विचारले नव्हते, हे लिहिताना थोडी लाजच वाटते. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या उसाचं बिल जसं काट्यावर ठरतं, तसं आमचं सगळं नावावर ठरतं." पुढचा बराचसा लेख म्हणजे या एका वाक्याचा विस्तार आहे.

नाव नाही तर ताट नाही

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. काम सहा प्रकारचे : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास पुढच्या दवाखान्याकडे पाठवणे, शाळेआधीचे शिक्षण आणि आयाबायांना आहार-आरोग्याची माहिती. पैकी लसीकरण, तपासणी वगैरे आरोग्य खात्याच्या हातून होते. अंगणवाडीच्या नावे जो पैसा येतो त्याच्या मोठ्या वाटा दोन : मुलांच्या आहाराचा पैसा आणि सेविका-मदतनीस यांचे मानधन. दोन्ही वाटा वेगळ्या आहेत, दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी अडतात, आणि गावात मात्र दोन्हींचा राग एकाच बाईवर निघतो.

आधी आहाराचे पाहू. सहा महिने ते तीन वर्षांचे मूल, गरोदर माता आणि स्तनदा माता यांना घरी न्यावयाचे पाकीट मिळते. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीत नाश्ता आणि गरम ताजा आहार. वर्षातून ३०० दिवस हे द्यावयाचे असते. २०१७ साली केंद्राने याचे दर ठरवले ते असे : सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलामागे दिवसाला ८ रुपये, गरोदर व स्तनदा मातेमागे साडेनऊ रुपये, आणि तीव्र कुपोषित मुलामागे १२ रुपये. साध्या मुलाला या आठ रुपयांत ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने द्यावयाची. दर वाढविण्याचे २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झाले. आठ वर्षांत डाळ, तेल आणि गॅस कुठल्या कुठे गेले हे सभासदांच्या घरच्या मंडळींना विचारावे. खताच्या पोत्याला एवढा दर सात-आठ वर्षे कोणी स्थिर ठेवला असता तर आपण कारखान्यावर सभा नाचवत नेली असती!

आठ रुपयांपैकी अर्धे केंद्राचे आणि अर्धे राज्याचे. २००५-०६ पूर्वी आहाराचा सगळा भार राज्यावरच होता. आपल्याकडे खेडोपाडी गरम आहार शिजविण्याचे काम बहुधा महिला बचत गट करतात. सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच सांगितले होते, की अंगणवाडीच्या आहाराचे काम ठेकेदाराला देऊ नये. बचत गट आधी शिजवतो, महिनाअखेर बिल करतो. सेविकेच्या हजेरीवरून ताटांचा आकडा ठरतो, पर्यवेक्षिका तो पाहते, तालुक्याचे बालविकास प्रकल्प अधिकारी मंजूर करतात, आणि वरून अनुदान आले असेल तर पैसे गटाच्या बँक खात्यावर पडतात.

आता हे उसाच्या भाषेत बोलू. उसाची नोंद झाली नाही तर तोडीचा प्रोग्राम नाही. काट्यावर वजन झाले नाही तर पावती नाही. पावती नाही तर पंधरवड्याच्या बिलात नाव नाही. उभा ऊस कितीही चांगला असो, हिशेबाला तो नाहीच. अंगणवाडीतही तसेच आहे. मूल समोर उभे आहे, भुकेले आहे, पण नोंदवहीत नाव नसेल तर त्याचे आठ रुपये कुठूनच निघत नाहीत.

आमच्या गटातल्या त्या अकरा लेकरांचा हिशेब करून पाहिला. अकरा गुणिले आठ, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर २२०० रुपये. हंगाम पाच महिन्यांचा धरला तर ११ हजार रुपये. हा आकडा शासनाला नगण्य आहे. कारखान्यालाही नगण्य आहे. पण पाच बायांच्या बचत गटाला नगण्य नाही. आमच्या वहिनींच्या गावात गटाचे बिल एकदा चार महिने आले नव्हते. तेव्हा तेल-मीठ दुकानातून उधारीवर वहिनींच्या नावावर येत होते, आणि दुकानदार आमच्या बंधूंना रस्त्यात अडवून विचारत होता. अशा गटाला आणखी अकरा ताटे फुकट वाढा म्हणून सांगायला तोंड लागते.

तर मग या अकरांची नावे गेली कुठे? कुठेही गेली नाहीत. ती आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर या भागातल्या त्यांच्या गावांतील अंगणवाड्यांत आहेत. मूल ऑक्टोबर-नोव्हेंबरात आईबापांबरोबर इकडे येते, मार्च-एप्रिलात परत जाते. नाव मात्र बारा महिने तिकडेच. तिकडच्या सेविकेच्या वहीत मूल गैरहजर. गैरहजर मुलाचे ताट नाही, म्हणजे तो पैसा तिकडेही खर्च होत नाही. पाकिटाची गंमत तर वेगळीच. १ जुलै २०२५ पासून पाकीट घ्यावयाला चेहरा ओळख लावावी लागते. पूर्वी आजी जाऊन सुनेचे पाकीट आणत असे. आता सून तर इकडे फडात. म्हणजे इकडे नाव नाही आणि तिकडे चेहरा नाही.

वास्तविक पाहता कायदा मुलाच्या बाजूने आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला स्थानिक अंगणवाडीतून मोफत आहार ठेवला आहे. त्याआधी १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने असेही म्हटले, की एखाद्या वस्तीत सहा वर्षांखालची ४० मुले असतील तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी. आपल्या तळांवर कित्येकदा चाळीसहून जास्त लेकरे असतात. परंतु तीन महिन्यांनी अंगणवाडी उभी राहीपर्यंत टोळ्या परतीच्या वाटेला लागलेल्या असतात. हा आदेश पक्क्या वस्तीसाठी चांगला आहे. कोप्यांच्या वस्तीला उपयोग एकच : गावातल्या आहे त्या अंगणवाडीत नाव हलवून घेणे.

आणि ते हलवता येते, हे सांगण्यासाठीच खरे तर हा लेख आहे. मार्च २०२१ पासून अंगणवाडीची नोंद पोषण ट्रॅकर या मोबाईलवरच्या पद्धतीत होते. एका गावची नोंद दुसऱ्या गावी, अगदी दुसऱ्या राज्यातही, हलविण्याची सोय तीत आहे. मुलाचे आधार कार्ड नसले तरी आईच्या आधारवर काम होते. सोय आहे, पण ती वापरायची कोणी? तोडणीवाल्या बाईला ती ठाऊक नाही. ती पहाटे चारला उठते, रात्री आठला चूल पेटवते. अंगणवाडी उघडी असते तेव्हा ती फडात. सेविका तळावर जाऊन नावे काढू शकते, पण तळ दोन कोसांवर आणि टोळी आज इथे तर पंधरा दिवसांनी तिसऱ्या शिवारात. तोडणीची टोळी कधी येणार, किती कोयते, कुठे उतरणार आणि पुढे कुठे जाणार हे गावात नेमके एकाच खात्याला माहीत असते. ते खाते म्हणजे आमचे.

मानधनाची दुसरी वाट

आता मानधन. याविषयी गावात फार गैरसमज आहेत. 'सेविकेला काय, सरकारी पगार आहे' असे पारावर सर्रास बोलले जाते. पगार नाही, मानधन आहे. हा शब्दाचा खेळ नव्हे. मानधन म्हटले की महागाई भत्ता नाही, वेतनश्रेणी नाही. सेविका हे शासकीय नागरी पद नव्हे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली दिला. पुढे २५ एप्रिल २०२२ रोजी त्याच न्यायालयाने सेविका व मदतनीस या उपदानाला, म्हणजे ग्रॅच्युइटीला, पात्र आहेत असे सांगितले. म्हणजे नोकर नाहीत, पण उपदान आहे. आपल्या रोजंदारी कामगारांना ही अवस्था ओळखीची वाटेल.

योजना निघाली तेव्हा मॅट्रिक झालेल्या सेविकेला महिना १५० रुपये, मॅट्रिक नसलेलीला १०० आणि मदतनिसाला ३५ रुपये होते. १ ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राने सेविकेचा आकडा ३००० वरून ४५०० केला, मदतनिसाचा १५०० वरून २२५०. यात गोम अशी, की हे साडेचार हजारही पुरते केंद्राचे नव्हेत. आपल्या राज्यासाठी वाटणी ६० : ४० आहे. म्हणजे केंद्राचे २७०० आणि राज्याचे १८००. त्यावर राज्य आपल्या तिजोरीतून वेगळी भर घालते. २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात सेविकेचे मानधन ८३२५ वरून १० हजार आणि मदतनिसाचे ४४२५ वरून साडेपाच हजार झाले. तरीही त्याच वर्षी ४ डिसेंबरपासून राज्यभर संप झाला, तो जानेवारी २०२४ पर्यंत चालला. पुढे २०२४ मध्ये आणखी वाढ मिळाली. संपाच्या काळात आमच्या वहिनी मोर्चाला जात, आणि घरी आल्यावर शेजारणीच्या कुपोषित नातवाला स्वतःच्या घरचे दूध पाजत. कोणी विचारले तर म्हणत, "संप सरकारशी हाय, पोराशी न्हाई."

मानधन एकाच खिशातून येत नाही, म्हणून ते उशिराने येते, आणि कधी तुकड्यांत येते. वहिनींच्या पासबुकात एका महिन्याचे मानधन दोन वेगळ्या तारखांना पडलेले आम्ही पाहिले. वाट साधारण अशी : सेविकेची हजेरी पर्यवेक्षिकेकडे, तिथून प्रकल्प अधिकाऱ्यांकडे, जिल्हा परिषदेच्या बालकल्याण विभागाकडे आणि शेवटी नवी मुंबईत बेलापूरला असलेल्या आयुक्तालयाकडे. पैसा मात्र आता मधल्या कोणाच्या हाती पडत नाही, तो थेट सेविकेच्या बँक खात्यात जमा होतो. पूर्वी मधल्या टेबलांची जी कुरकुर होती ती यामुळे बरीच गेली, हे मान्य केले पाहिजे. परंतु टेबले गेली तरी कुलपे राहिली.

मोठे कुलूप हप्त्याचे आहे. ते समजून घेण्यासारखे आहे, कारण केंद्राच्या बऱ्याच योजना याच रीतीने चालतात. जुलै २०२१ पासून नियम झाला, की केंद्र-राज्य भागीदारीच्या प्रत्येक योजनेसाठी राज्यात एकच मुख्य खाते असावे. केंद्र आपला वर्षाचा वाटा एकदम देत नाही. एका वेळी चौथाईहून जास्त नाही. पुढची चौथाई केव्हा? राज्याने आपला वाटा त्या खात्यात भरला आणि आधीच्या रकमेतले किमान ७५ टक्के खर्च झाले, असे दिसल्यावर. हेतू वाईट नाही. पूर्वी कोट्यवधी रुपये निरनिराळ्या खात्यांत नुसते पडून राहत आणि व्याज भलतीकडे जाई. अलीकडे त्याहून पुढची पद्धत काही योजनांना लावली आहे. तीत पैसा आधी आणून ठेवत नाहीत, बिल देण्याच्या वेळीच काढतात.

पण पाट ज्याने पाहिला आहे त्याला यातली मेख लगेच कळेल. पाण्याची पाळी वरच्या दाराने ठरते, आणि टेलच्या शेतकऱ्याला आपले पीक का वाळले हे कधीच समजत नाही. राज्याचा वाटा भरावयाला उशीर झाला, किंवा पाच-सहा जिल्ह्यांचे खर्चाचे दाखले वेळेवर गेले नाहीत, तर पुढची चौथाई थांबते आणि ज्या तालुक्याने सगळे कागद वेळेत दिले त्याचेही मानधन अडते. सेविका टेलवर आहे. तिच्या हातात एकच काम : आपली हजेरी आणि नोंद चोख ठेवणे. ते करूनही महिना कोरडा जाऊ शकतो.

इथे सभासदांना एक आठवण द्यावीशी वाटते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यावयाचे आहेत, उशीर झाला तर साल १५ टक्के व्याज. ते व्याज प्रत्येक ठिकाणी मिळतेच असे नाही, ही गोष्ट वेगळी. पण निदान बोट ठेवावयाला कलम आहे. उशिरा आलेल्या मानधनावर कोणाला व्याज मिळाल्याचे आम्ही ऐकले नाही.

नोंदीच्या कामाचेही ऐका. २०२१ साली राज्यातल्या अनेक सेविकांनी शासनाने दिलेले मोबाईल परत केले होते, कारण ते तापत, अडत आणि त्यात हे नवे काम भागत नसे. आजही डोंगरकडेच्या वाड्यांत रेंज नसते. सेविका पोरांना गाणी शिकवायची सोडून मोबाईल उंच धरून ओट्यावर उभी, हे दृश्य आम्ही स्वतः पाहिले आहे. त्या वेळी तिथून जाणारे एक सभासद म्हणाले, "बघा, मोबाईल खेळतीया." पारावरच्या बोलण्याचे हे असे असते.

पाळणाघराचे काय

काही सभासदांनी विचारले, की अंगणवाडी तर दुपारी सुटते, पोर मग परत फडातच. त्यापेक्षा पाळणाघर का काढत नाहीत? विचार बरोबर आहे. दोन वर्षांच्या पोराला खिचडीइतकीच राखण लागते. यासाठीही शासनाची योजना आहे, आणि तिची कथा पैशाच्या वाटणीची कथा म्हणूनच पाहण्यासारखी आहे. जानेवारी २०१७ पासून राष्ट्रीय पाळणाघर योजनेत केंद्राचे ६०, राज्याचे ३० आणि चालवणाऱ्या संस्थेचे १० टक्के अशी वाटणी होती. पाळणाघराच्या सेविकेला ३००० आणि मदतनिसाला १५०० रुपये. तीन धन्यांचे बैल जसे उपाशी राहतात तसे झाले. छोट्या संस्थांना दहा टक्केही जमेनात, वरचे ९० टक्के वेळेवर येईनात, आणि पाळणाघरे एकामागून एक बंद पडली.

२०२२ पासून हीच योजना 'पाळणा' नावाने मिशन शक्तीखाली आली. आता वाटणी केंद्र ६०, राज्य ४०. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडावयाचे, सहा महिने ते सहा वर्षांची साधारण २५ मुले, दिवसाचे साडेसात तास, महिन्याचे २६ दिवस. त्यासाठी वेगळी पाळणा सेविका आणि मदतनीस, शिवाय मूळ सेविकेला थोडा भत्ता. देशात अशा १७ हजार अंगणवाडी-पाळणाघरांचे लक्ष्य ठेवले. आपल्या तळांच्या गावांना ही योजना अगदी मापाची आहे असे आमचे मत आहे. मात्र तिथेही पहिला प्रश्न तोच विचारला जातो : मुले किती, नावे कुठे आहेत? वहीत तेवीसच नावे असतील तर जादा पाळणाघर कशाच्या आधारावर मागावयाचे?

कारखान्यांच्या बाबतीत कायदा होता. १९४८ च्या कारखाने कायद्यात तीसहून जास्त स्त्री कामगार असल्यास पाळणाघर सांगितले होते, आणि २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पन्नास कर्मचाऱ्यांवर ते बंधन आणले. परंतु तोडणी कामगार मुकादमाच्या करारावर, उचल घेऊन येतो. त्याचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर नसते. सबब ही कलमे फडापर्यंत पोचली नाहीत. यावर जास्त लिहिणे आमच्या पायरीचे नाही, तथापि उल्लेख टाळणेही बरे नव्हे. ऊसतोड कामगार महामंडळासाठी टनामागे १० रुपये कारखान्यांकडून आणि तितकेच शासनाकडून, असे ठरले आहे, हे सभासद जाणतातच. त्यातून वसतिगृहे चालतात. पण वसतिगृहात शाळेचे पोर राहील. अंगावरचे पोर आईबरोबरच येणार.

आमच्या गटात काय झाले ते सांगतो, फुशारकी म्हणून नव्हे. त्या प्रकारानंतर आम्ही, चिटबॉय आणि मुकादम असे तिघे संध्याकाळी तळावर बसलो. अकराही लेकरांच्या आयांचे आधार नंबर, गावाकडच्या अंगणवाडीचे नाव आणि तिथल्या सेविकेचा फोन असे एका कागदावर उतरले. दोघींना स्वतःच्या अंगणवाडीचा नंबर माहीत नव्हता. त्यांच्या सासवांना फोन करून मिळवला. कागद सेविकाबाईंना दिला. पंधरा दिवसांत सात नावे इकडे आली. चार आली नाहीत. दोघींचा आधारला जोडलेला मोबाईल बंद पडलेला होता, एकीचे गावाकडे नावच लागलेले नव्हते, आणि चौथे का अडले ते शेवटपर्यंत कळले नाही. सातांची ताटे हिशेबात धरली गेली. चारांची सेविकाबाईंनी आणि बचत गटाने तशीच वाढली, आणि त्याचे तांदूळ-डाळ प्लॉटच्या मालकांनी दिले. चिटबॉयच्या हातून पहिले पोते गेले तेव्हा गावातले काही लोक म्हणाले, तोडवाल्यांची पोरं आपल्या पोरांत कशाला. त्यांना मालकच म्हणाले, "माझा ऊस तोडून देतील ते चालतंय, अन् त्यांची पोरं माझ्या नातवाशेजारी बसलेली चालत न्हाईत व्हय?" त्यावर कोणी बोलले नाही.

यंदा टोळ्या यायच्या आधी सभासदांनी एवढे करावे. आपल्या शिवारात तळ पडला की त्याच आठवड्यात चिटबॉयला निरोप द्यावा. मुकादमाने टोळी आणतानाच बायांना सांगावे, की आईचे आधार कार्ड, माता व बाल संरक्षण कार्ड आणि गावच्या सेविकेचा फोन नंबर बरोबर घ्या, आधारला जोडलेला मोबाईल चालू ठेवा. गरोदर बाई असेल तर तिचेही नाव त्याच वेळी सांगावे, साडेनऊ रुपयांचे पाकीट आणि लसीची सोय तिच्यासाठी आहे. टोळी दुसऱ्या शिवारात गेली तर तेही कळवावे, म्हणजे पुढच्या गावच्या सेविकेला नाव देता येते. गाव सभासदांचे आहे. ग्रामसभेत अंगणवाडीचा विषय निघाला की बचत गटाचे बिल किती महिने थकले आहे हे विचारणे हा तुमचा हक्क आहे. तसा ठराव झाला तर प्रकल्प कार्यालयाला लेखी उत्तर देणे भाग पडते, असा वहिनींचा अनुभव आहे.

आमच्या गट कार्यालयातील टोळी नोंदवहीत आजवर पाच रकाने होते : मुकादम, गाव, कोयते, वाहन, तळाची जागा. या हंगामापासून सहावा रकाना आखला आहे : सहा वर्षांखालची मुले. पहिल्या पानावर तीन टोळ्यांची नोंद झाली असून मुलांचा आकडा २९ आहे. यादी तिन्ही गावांच्या सेविकांकडे पाठविली आहे. किती नावे वहीत चढली ते संक्रांतीच्या अंकात कळवू.

ऊस विकास अधिकारी